पातळ पेज

नळीत पेज अडकली की ती काही ओरडून सांगत नाही. सिरिंजचं नळकांडं मी हातभर उंच धरलेलं असायचं, त्यातली पेज सावकाश खाली सरकत असायची आणि मग सरकायची थांबायची. एवढंच. मी नळी बोटांनी चोळायची, टिचक्या मारायची, कोमट पाणी सोडून बघायची. तरीही हलली नाही की चप्पल पायात सरकवून रिक्षा बघायला धावायची, कारण नळी बदलायची म्हणजे आईला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं. तिथे नवी नळी नाकातून आत घालताना ती ज्या नजरेने माझ्याकडे बघायची, ती नजर मला अजून नको वाटते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बोईसरला, कारखान्यांच्या वसाहतीत, कापड धुऊन रंगवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. जवळच सरावलीला चाळीत एक खोली भाड्याने घेतली होती. तिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी चौकशी केली की मी फाडकन काहीतरी बोलून मोकळी व्हायची. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. जेवतानाही मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जेवते असं मैत्रिणी म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

आई समुद्राकाठच्या मुरबे गावची. वडील बोटीवर होते, ते लवकर गेले. त्यानंतर आईने डोक्यावर मासळीची पाटी घेतली, पालघरच्या बाजारात बसली आणि मला बीएस्सी केलं. तिने बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं, असा आवाज. अशी बाई एका सकाळी बोंबील वाळत घालता घालता जी खाली बसली ती उठलीच नाही. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. बोलायला गेली की नुसता घोगरा आवाज यायचा. आणि गिळणं गेलं. पाण्याचा घोटसुद्धा श्वासनळीत उतरायचा आणि ती खोकून खोकून निळी पडायची. म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि काही दिवसांनी तशीच घरी पाठवली. मुरब्याला दवाखाना लांब, म्हणून मी तिला माझ्या खोलीवर आणली.

पालघरचे डॉक्टर वयाने तरुण, पण कावायचे नाहीत. मी त्यांना दारातच अडवून विचारलं की हिचं पुढे काय. ते थांबले, खरं तेच बोलले.

“गिळणं परत येतं, बऱ्याच जणांचं येतं. पण ते येईपर्यंत अंगात ताकद टिकली पाहिजे. नाहीतर गिळायला त्याच उरणार नाहीत.”

झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा एकच विषय. ताकद. ती नळीतून आत कशी घालायची?

दूध तिला आयुष्यात कधी सोसलं नव्हतं, नळीतून दिलं तर लगेच जुलाब. डाळीचं पाणी, फेटलेलं अंडं हे थोडंथोडं जायचं. पण तिचं पोट आयुष्यभर भातावर पोसलेलं. पेज हवी. आता पेज घट्ट केली की नळीत अडकते, आणि नळीतून जाईल इतकी पातळ केली की उरतं काय? पाणी! तांदूळ चार दाणे आणि बाकी पाणी. ते पोटभर घातलं की पोट टम्म फुगायचं, पण अंगाला काही लागायचं नाही. मी रोज तिच्या उजव्या दंडाला दोन बोटांनी वेढा घालून बघायची, आणि रोज मला वाटायचं की कालच्यापेक्षा बोटं जास्त जवळ आली. कदाचित भास असेल. पण गालफडं बसत चालली होती तो काही भास नव्हता.

मी कामावर गेले की तिच्यापाशी मावशी असायची, आईची धाकटी बहीण. मुरब्याहून आपलं घरदार सुनेवर टाकून ती येऊन राहिली होती. बाई मायेची, पण हट्टी. तिच्या मते पेज म्हणजे पळी उभी राहिली पाहिजे. पातळ पेज बघितली की तिचा जीव खालीवर व्हायचा. मी कामावर गेले की ती गुपचूप पेज घट्ट करायची आणि संध्याकाळी मी येऊन बघते तर नळी तुंबलेली, आई उपाशी, आणि मावशी पदराने डोळे पुसत बसलेली. तिला रागवावं तरी पंचाईत, न रागवावं तरी पंचाईत. मी रागवायचीच.

आता जरा कंपनीतलं सांगते, कारण वाट तिथूनच सापडली.

मागावर कापड विणतात तेव्हा सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते. खळ म्हणजे पिठाची पेजच, दुसरं काय. कापड रंगवायच्या आधी ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. नुसत्या पाण्याने ती जात नाही. त्यासाठी पाण्यात एक एन्झाइम घालायचे. पिठाची लांबच्या लांब साखळी असते, तिचे हे तुकडे तुकडे करतं. पण त्याचे लाड फार! पाणी गार असलं की ते झोपलेलं. पाणी उकळलं की ते मेलं, मग किती का ओता. मध्ये कुठेतरी, त्याला मानवेल इतक्या ऊनपणाला ते जागं होतं. वर आम्ही त्यात मीठही घालायचो, मिठाने ते जास्त हुशारीने काम करतं. माझं काम म्हणजे कापडाच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघायचं. गर्द निळं झालं तर खळ शिल्लक आहे. निळं नाही झालं तर कापड पुढे धाडायचं.

एका दुपारी मी टाकीपाशी उभी होते. पाणी हवं तसं ऊन झालं होतं, कापड आत फिरत होतं. आत जाताना कडक, करकरीत असलेलं कापड थोड्या वेळाने बाहेर काढलं तर लुळं पडलेलं आणि खळ सगळी पाण्यात उतरलेली. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. पण त्या दिवशी एकदम डोक्यात उजेड पडला. अगं बाई! खळ कुठे नाहीशी झाली नाही. होती तेवढी आहे, फक्त चिकटपणा गेला. मग पेजेचं असं का नाही करता येणार? तांदूळ तेवढेच ठेवायचे आणि पेज पाण्यासारखी करायची.

त्यानंतर कामाची पाळी संपेपर्यंत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. सुटल्या सुटल्या पालघरची एसटी पकडली आणि डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी दम भरला, की कंपनीतलं ते द्रावण कापडासाठी आहे, त्याचा थेंबही माणसाच्या पोटात जाता कामा नये. मी म्हटलं, एवढी अक्कल आहे मला. मग ते हसले आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्यांनी जे समजावलं ते मी आजतागायत विसरले नाही. म्हणाले, हेच काम करणारं एन्झाइम आपल्या थुंकीत असतं, आणि थुंकीतल्या मिठानेच ते जोर धरतं. घास तोंडात घोळला की काम तिथूनच सुरू. पोटातल्या आंबटपणात ते बंद पडतं, पण पुढे आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो आणि उरलेलं काम उरकतो. आईच्या पोटाची काही तक्रार नाही, तक्रार आहे नळीची. आणि तुम्हाला हवं ते धान्यातच असतं, म्हणाले. दाणा कोरडा असतो तोवर निपचित पडलेला असतो. भिजला, मोड आला, की कोंबाला खायला घालायला म्हणून तो स्वतःच्या पोटातलं पीठ फोडायला हे एन्झाइम तयार करतो. मोड आलेली नाचणी उन्हात वाळवून दळली तर ते पिठात शाबूत राहतं. त्यातलं चमचाभर घट्ट पेजेत घाला. पेज उकळती नको, बोट सोसेल इतकी ऊन हवी. थांबा. पातळ झाली की मग एक उकळी काढा, म्हणजे पोटाला बाधणार नाही. लहान बाळांना घट्ट पेज गिळवत नाही तेव्हा हेच करतात.

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभीच राहिले.

बोईसरच्या बाजारात डोंगराकडच्या बाया नागली घेऊन बसायच्या. नाचणीला आमच्याकडे नागली म्हणतात. ती आणली, निवडली, भिजवली, फडक्यात बांधून खुंटीला टांगली. मोड यायला वेळ लागतो हे मला कळत होतं, पण मी उठता बसता पुरचुंडी चाचपायची. शेवटी मावशी म्हणाली, तू हात लावणं थांबव, म्हणजे तरी तिला मोड येतील. पांढरे इवले मोड आले तेव्हा मी फडकं उघडून आईच्या डोळ्यांपुढे नेलं. तिने बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तिला त्यात काय कळणार होतं? मग ती नागली गॅलरीत चादरीवर वाळत घातली. आमच्याकडे हवेत कारखान्यांची धूळ फार, म्हणून वरून दुसरं पातळ फडकं. मावशीला बजावलं, वाळली की गिरणीतून दळून आण, आणि मी कामावर गेले.

पीठ आलं. पेज घट्ट शिजवली, बोट बुडवून ऊन बघितलं, चमचाभर पीठ घातलं, झाकलं, थांबले. झाकण काढलं तर पेज होती तशी. अजून थांबले. तशीच. आणखी एक चमचा घातला, तर उलट जास्त घट्ट झाली. पातेल्यावर वाकून मी ते पीठ नाकाशी नेलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खमंग वास येत होता.

मावशीने नागली भाजली होती. चांगली खरपूस. तिचं तरी काय चुकलं? मुरब्याला बाळंतिणीला असो की आजाऱ्याला, कच्चं पीठ कोणी देत नाही. भाजल्याशिवाय पीठ पोट धरतं, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. मी सांगितलं होतं दळून आण, पण भाजू नकोस असं नव्हतं सांगितलं, आणि भाजायचं असतं हे तिला सांगावं लागत नव्हतं. तव्यावर ते एन्झाइम केव्हाच मेलं होतं. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. मावशी तोंड फुगवून गॅलरीत जाऊन बसली. आणि मी एवढी शहाणी, की रागाच्या भरात तीच घट्ट पेज गाळून नळीत सोडली. नळी तुंबली. पुन्हा रिक्षा, पुन्हा पालघर, पुन्हा ती नजर.

पुन्हा नागली. पुन्हा फडकं. या खेपेला मी रजा काढून चादरीपाशी बसले आणि गिरणीतही स्वतः गेले. गिरणीवाल्याला म्हटलं, दगड तापू देऊ नकोस, थांबून थांबून दळ. तो माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघत राहिला.

आणि काय सांगू! पेज अशी घट्ट होती की पळी उभी राहिली असती. मी पीठ घातलं, ढवळलं, झाकलं. थोड्या वेळाने पळी घातली तर ती नुसती गरगर फिरली. ताकासारखी पातळ पेज! तांदूळ सगळे आत, एक दाणा कमी नाही, आणि वरून ओतली तर धार लागते. मी एकटीच स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नाचले. उकळी काढली, गाळली, कोमट केली, आणि नळकांडं उंच धरलं तर पेज सरसर खाली गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या पोटात वाटीभर तांदळाचं अन्न गेलं होतं.

दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी आईने नळी धरली.

म्हणजे असं, की मी पेज घेऊन आले आणि तिने उजव्या हाताने नळीचं तोंड मुठीत आवळून धरलं. सोडेना. मी समजावलं, गोंजारलं, मूठ सोडवायला बघितली. लकवा झालेल्या बाईच्या एका मुठीत केवढी ताकद, बाप रे! दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. मला काही सुचेना. मी आधीच उकळत होते, शेवटी तिच्यावर ओरडले, की मरायचंय का तुला? तिने मान भिंतीकडे वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला तिने मूठ सोडली नाही.

मी बाहेर गॅलरीत आले. शेजारच्या खोलीतली भाभी तिथे मावशीपाशी बसली होती, उत्तरेकडची, नवरा कारखान्यात. तिने हळू आवाजात विचारलं की अम्मांना आता पाण्यावर ठेवलंय का. मला संताप आला. पण मावशीने मान खाली घातली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट या दोघींमध्ये आधीच बोलून झालेली आहे. दाराशी बसून, आईला ऐकू जाईल अशी.

मी मावशीला धारेवर धरलं. ती म्हणाली, “आपल्यात पेज पातळ कधी करतात, तुला ठाऊक नाय?”

मला ठाऊक नव्हतं. मी शिकायला लवकर बाहेर पडले. मावशीने सांगितलं ते असं. घरातलं म्हातारं माणूस आता उठत नाही असं दिसलं की घरचे काही बोलत नाहीत. कोणी कोणाला विचारत नाही. फक्त पेज रोज थोडी पातळ होत जाते. मग नुसती वरची निवळ, मग पाणी. माणूसही समजतं आणि तेही काही बोलत नाही. माझ्या वडिलांच्या आईचं असंच झालं होतं, आणि ती पेज माझ्या आईनेच पातळ केली होती. शिवाय, मावशी म्हणाली, तू त्यात ती कसली भुकटी टाकतेस. कंपनीतून आणलेली. लोकं म्हणतात.

कंपनीतून? नागली तिच्या डोळ्यांसमोर भिजली होती, वाळली होती! पण पहिली नागली भाजल्यावर जो तमाशा झाला त्यानंतर मी मावशीला दुसऱ्या पिठाजवळ फिरकू दिलं नव्हतं. मी कामावर त्याच तंद्रीत जायची, त्याच तंद्रीत यायची, येताना पिशवीत प्रयोगशाळेची आयोडीनची बाटली, थेंब टाकून बघायला. कोणाला काय वाटावं?

मला बसवेना. मी स्टोव्ह उचलला आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवर ठेवला. तिला उशांना टेकवून बसतं केलं. तांदूळ मूठभर घेऊन तिच्या नजरेसमोर धुतले, शिजवले, घोटले. घट्ट पेजेत पळी उभी करून दाखवली. मग नागलीचं पीठ डब्यातून काढून आधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकलं, आणि मग चमचाभर पेजेत घातलं. सगळं बोलत बोलत, मोठमोठ्याने, वर्गात शिकवल्यासारखं. आई, हे बघ, दाण्याला मोड आला की तो आतलं पीठ फोडतो. आई, तेच तुझ्या थुंकीत असतं. आई, तांदूळ तेवढेच आहेत, बघ, मी काही काढून घेतलं नाही. ती बघत होती. पेज घट्ट होती, बघता बघता सैल झाली, पळी आडवी झाली. मी पेला भरून तिच्या तोंडासमोर धरला आणि धार ओतून दाखवली.

आईने खूप वेळ पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझे केस पिंजारलेले असणार, अंगावर कामावरचीच साडी. तिने उजव्या हाताची मूठ उघडली आणि नळीचं तोंड स्वतःच माझ्यापुढे केलं.

मी जिंकले होते! तिच्या गालाचा मुका घेतला. मावशीही जवळ येऊन बसली, आणि त्या दिवसापासून नागली तिनेच भिजवायला घेतली, न भाजता.

पुढचे दिवस सरळ गेले असं नाही. मधे ताप आला, मधे नळी एकदा तिच्याच हाताने निघाली. पण पेज जात होती. मी पिठाचा चमचा हळूहळू नेमका केला, तांदूळ वाढवले, डाळ घातली, खोबरेल तेलाचा थेंब घातला. प्रत्येक वेळी विचारायची, बरं वाटतंय का, आणि ती मान हलवायची. दंडाला बोटांचा वेढा पुरेना तेव्हा मी कामावर पेढे नेले. सगळे विचारायला लागले की लग्न ठरलं की काय!

मग एकदा तोंड पुसताना तिने आपली लाळ आपण गिळली. मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी चमच्याने पाणी देऊन बघितलं, घोट उतरतो का ते गळ्यावर बोट ठेवून. हळूहळू घोट, मग मऊ भात. भाताचा पहिला घास तिने तोंडात घेतला आणि घोळवतच राहिली. मी घायकुतीला आले, गिळ ना, गिळ! तिने हाताने थांब म्हटलं. घोळवून घोळवून गिळला, आणि जड जिभेने म्हणाली, “गोड हाय.” डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. थुंकीतल्या एन्झाइमने भाताची साखर होते, ती तिच्या जिभेला लागली होती. मला तर तिथेच ओरडावंसं वाटलं.

नळी निघाली. बोलणं शब्दाशब्दाने परत आलं, वाकडं, चिकट, पण तिचंच. आणि मी ही कथा सांगत सुटले. कंपनीत, एसटीत, डॉक्टरांकडे. माझी आई शाळेची पायरी चढली नाही, पण एक पातेलं बघून तिला जे कळलं ते शिकलेल्यांना वर्गात बसून कळत नाही, असं मी छाती फुगवून सांगायची.

एका रविवारी दुपारी मुरब्याहून माणसं भेटायला आली होती. आई पाटावर बसून आपल्या हाताने भात आणि बोंबलाचं कालवण जेवत होती. मी त्यांना तीच कथा सांगितली, नळीची, पिठाची, आणि आईला ते कसं एका फटक्यात कळलं त्याची. पाहुणे गेले. मावशी त्यांना एसटीवर पोचवायला गेली. आई अजून जेवतच होती.

“मला काय कळलं नव्हतं,” ती म्हणाली.

मी भांडी गोळा करत होते. म्हटलं, काय कळलं नव्हतं?

“तू काय सांगत होतीस ते.” तिला एकेक शब्द काढायला वेळ लागत होता. “मला दिसलं, भुकटी टाकलीस आणि पेजेचं पाणी झालं. म्हटलं, खरंच कंपनीतलं हाय.”

“मग नळी पुढे का केलीस?”

“तू दमली होतीस,” आई म्हणाली. “तुझं तोंड बघितलं मी. म्हटलं, पोरीला सुटू दे.”

माझ्या हातातली भांडी मी खाली ठेवली. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, की मग नंतर? रोज? मी बरं वाटतंय का विचारायची तेव्हा मान हलवायचीस ती?

“तुला बरं वाटावं म्हणून.”

ती बोंबलाचा काटा काढण्यात गुंतली होती. बाजारात भाव सांगायची तशा आवाजात सगळं बोलली, ना रडली ना काही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. किती दिवस मी ते नळकांडं उंच धरून उभी राहिले होते, प्रत्येक वेळी मनात म्हणत होते की जग, आई, जग. आणि प्रत्येक वेळी तिने ते विष समजून घेतलं होतं, माझ्या हातून, नळी आपल्या हाताने धरून.

“मग कळलं कधी तुला?” मी विचारलं.

आईने घास गिळला. पूर्ण गिळला, मग बोलली.

“भूक लागायला लागली तेवा. म्हटलं, मारायला दिलेल्यानं भूक नाय लागत.”

मला हसू आलं आणि त्यातच हुंदका आला, आणि मग मी इतकी रडले की भाभी दारात येऊन उभी राहिली. आई तिला म्हणाली, काय नाय, जेवायची हाय ती अजून, आणि आपल्या ताटातला भात तिने माझ्यासाठी एका बाजूला केला.